कंटेनरमधील बेस इमेज आणि डेटाबेसची आवृत्ती कशी वाढवावी: सोलापुरातील लहान उद्योगांसाठी सविस्तर मार्गदर्शक

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या आणि चिंचोळीच्या एमआयडीसीतील टॉवेल-चादरीचे कारखाने, मार्केट यार्डातील अडते आणि डाळिंबाचे निर्यातदार यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे ऑर्डर, साठा आणि बिले सांभाळणारे, खास त्यांच्यासाठी लिहून घेतलेले एखादे ॲप्लिकेशन असते. ते कार्यालयातल्याच एका सर्व्हरवर डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे ॲप्लिकेशनला लागणारे सारे एकत्र बांधलेल्या वेगळ्या कप्प्यात, चालते, ज्याने ते उभे केले तो डेव्हलपर बहुधा पुण्याला किंवा बंगळूरला गेलेला असतो आणि ॲप्लिकेशन बिनतक्रार चालू असल्यामुळे चार-पाच वर्षे त्याच्या आतल्या आवृत्त्यांकडे कोणी पाहिलेलेही नसते. दरम्यान पायथन या भाषेच्या ३.८ आवृत्तीचा आधार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला, पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १२ व्या आवृत्तीला नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि १३ ला नोव्हेंबर २०२५ मध्ये शेवटची दुरुस्ती मिळाली आणि डेबियन या लिनक्सच्या १० व्या आवृत्तीचा, म्हणजे बस्टरचा, दीर्घकालीन आधार जून २०२४ मध्येच थांबला. यापुढे त्यांत सुरक्षेचा दोष सापडला, तर त्याची दुरुस्ती येणार नाही.

अशी व्यवस्था माहिती न गमावता नव्या आवृत्तीवर कशी न्यावी, हे येथे क्रमाने मांडले आहे. कंटेनर ज्या तयार साच्यावरून उभा राहतो ती इमेज, आणि ती ज्या इमेजवर रचलेली असते ती बेस इमेज. उदाहरणासाठी पायथन ३.८ आणि बस्टर यांवर चालणारे, जँगो या पायथनच्या वेब-चौकटीत लिहिलेले ॲप्लिकेशन आणि अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या इमेजमधील पोस्टग्रेस १२ हा डेटाबेस घेतला आहे. जायचे आहे ते पायथन ३.१२ आणि पोस्टग्रेस १७ यांवर, दोन्ही डेबियन १२ म्हणजे बुकवर्मच्या इमेजमध्ये. याहून नव्या आवृत्त्या उपलब्ध आहेत. परंतु ज्या कार्यालयात पूर्णवेळ तंत्रज्ञ नाही, तेथे सर्वांत नव्या आवृत्तीच्या एक-दोन पायऱ्या मागे राहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पायथन ३.१२ ला ऑक्टोबर २०२८ पर्यंत, पोस्टग्रेस १७ ला नोव्हेंबर २०२९ पर्यंत आणि बुकवर्मला दीर्घकालीन आधार धरून जून २०२८ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहतील. कमांडची नावे पुढे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टंकताना ती मूळ रूपात लिहावीत.

आधी पाहणी

काहीही बदलण्यापूर्वी आज काय चालू आहे, ते कागदावर उतरवावे. कंपोज फाइलमध्ये, म्हणजे कोणते कंटेनर कसे चालवायचे ते सांगणाऱ्या फाइलीत, लिहिलेला टॅग (इमेजच्या आवृत्तीचे नाव) पुरेसा नाही, कारण 'लेटेस्ट' किंवा नुसता '१२' असा टॅग दर वेळी वेगळ्या इमेजकडे बोट दाखवू शकतो. चालू कंटेनरच्या आत शिरून ईटीसी निर्देशिकेतील 'ओएस-रिलीज' ही फाइल वाचावी, म्हणजे खरी बेस इमेज कोणती ते कळते. पायथनची आणि जँगोची आवृत्ती, डेटाबेस सर्व्हरची नेमकी आवृत्ती, डेटाबेसचा आकार, त्यात बसवलेली एक्स्टेन्शन्स (जोड-सुविधा) आणि डेटाबेसचे लोकेल (भाषेचे नियम) यांचीही नोंद करावी. पोस्टजीआयएससारखे एखादे एक्स्टेन्शन वापरात असेल, तर ते नव्या इमेजमध्ये आधीपासून असायला हवे, अन्यथा माहिती परत भरताना काम मध्येच अडते.

डेटा कोठे साठवला जातो, हे शोधणे सर्वांत महत्त्वाचे आहे. नाव दिलेल्या व्हॉल्यूममध्ये (कंटेनरबाहेर टिकणारी डॉकरची साठवण), यजमान संगणकाच्या एखाद्या निर्देशिकेत, की नाव नसलेल्या व्हॉल्यूममध्ये, हे 'डॉकर इन्स्पेक्ट' या कमांडच्या 'माउंट्स' भागात दिसते. येथे एक सूचना ठळकपणे लक्षात ठेवावी: 'डॉकर कंपोज डाउन' या कमांडला 'व्ही' हा पर्याय जोडला, की कंपोज फाइलमधील नाव दिलेले व्हॉल्यूमही पुसले जातात. आवृत्ती वाढवण्याच्या सबंध काळात हा पर्याय कोणाच्याही हातून टंकला जाऊ नये.

यजमान संगणकावरील डॉकरची आवृत्ती पाहण्याचे पुष्कळदा राहून जाते. डॉकर २०.१०.१० पेक्षा जुने असेल, तर बुकवर्मसारख्या नव्या इमेजमधील ग्लिबसी ही सी लायब्ररी जी 'क्लोन३' ही सिस्टिम कॉल वापरते, ती जुने डॉकर चुकीच्या पद्धतीने नाकारते आणि पायथन 'नवा थ्रेड सुरू करता येत नाही' अशी तक्रार करून थांबते. स्मृती भरपूर असते, प्रोसेसर मोकळा असतो, आणि तरी ॲप्लिकेशन उभे राहत नाही. मग माणूस दोष भलतीकडे शोधत बसतो. म्हणून पहिली पायरी म्हणजे यजमानावरील डॉकर अद्ययावत करणे, आणि तीही स्वतंत्र दिवशी.

दिवस आणि वेळ

साखर कारखान्यांशी व्यवहार असेल तर गाळपाचा हंगाम टाळावा. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या (यात्रेच्या) दिवसांत अर्धे कार्यालय रजेवर असते, म्हणून तो काळ सोयीचा वाटतो. पण त्याच दिवसांत अडचण आल्यास मदतीला माणूस मिळत नाही. जीएसटीच्या विवरणपत्रांसाठी महिन्याची ११ आणि २० तारीख धावपळीची असते, त्यामुळे २० तारखेनंतरचा आठवडा निवडणे बरे. वीज हा आपल्याकडे गंभीर प्रश्न आहे, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. डेटाबेस परत भरताना वीज गेली, तर मूळ डेटा सुरक्षित असला तरी काम पहिल्यापासून करावे लागते. यूपीएसची बॅटरी प्रत्यक्ष किती मिनिटे टिकते, ते सर्व्हर जोडून आधी पाहून घ्यावे आणि त्यावर विश्वास नसेल तर जनरेटरची सोय झाल्याशिवाय काम सुरू करू नये.

दोन कामे, दोन वेगवेगळे दिवस

ॲप्लिकेशनची बेस इमेज आणि डेटाबेसची आवृत्ती एकाच रात्री बदलू नये, हा या लेखातील सर्वांत आग्रहाचा मुद्दा आहे. दोन्ही एकदम बदलल्यावर सकाळी बिल निघाले नाही, तर दोष पायथनचा, लायब्ररीचा, पासवर्डचा, की डेटाबेसचा, हे ठरवायला कोणताच आधार राहत नाही. आधी ॲप्लिकेशन बदलावे, कारण त्याच्या कंटेनरमध्ये टिकाऊ माहिती नसते किंवा नसावी. बिघडले तर जुनी इमेज पुन्हा सुरू केली की काम भागते. डेटाबेसचे तसे नाही. नवी बिले एकदा नव्या आवृत्तीत नोंदली गेली, की मागे फिरण्याची किंमत तासागणिक वाढत जाते.

आपल्या उदाहरणात यासाठी एक चांगली मधली पायरी उपलब्ध आहे. जँगो ४.२ ही आवृत्ती पायथन ३.८ वरही चालते आणि तिच्या ४.२.८ या दुरुस्तीपासून पायथन ३.१२ वरही चालते, शिवाय ती पोस्टग्रेस १२ आणि त्यापुढील आवृत्त्या स्वीकारते. म्हणून जुन्याच इमेजवर आधी जँगो ४.२ च्या शेवटच्या दुरुस्तीपर्यंत यावे, मग पायथन बदलावे, मग डेटाबेस बदलावा. जँगो ४.२ चा स्वतःचा आधारही एप्रिल २०२६ पर्यंतचाच असल्यामुळे सगळे स्थिरावल्यावर ५.२ कडे जावे. ती आवृत्ती पोस्टग्रेस १४ च्या खाली चालत नाही, त्यामुळे हा क्रम उलटा करता येत नाही.

ॲप्लिकेशनची बेस इमेज

डॉकरफाइलमधील, म्हणजे इमेज बांधण्याच्या कृतीतील, पहिली ओळ बदलून 'पायथन:३.१२-स्लिम-बुकवर्म' करावी. आवृत्तीबरोबर बुकवर्म हे नावही लिहावे, नाहीतर पुढे कधीतरी इमेज नव्याने बांधताना डेबियनची आवृत्ती नकळत बदलेल. जुन्या बस्टर इमेजवर 'ॲप्ट अपडेट' चालवल्यास पॅकेज सापडत नसल्याची ४०४ ची चूक येते, कारण ते भांडार आता डेबियनच्या अभिलेखागारात हलवले आहे. अभिलेखागाराचा पत्ता घालून तात्पुरता मार्ग काढता येतो, परंतु त्याने मूळ प्रश्न पुढे ढकलला जातो, एवढेच.

यानंतर इमेज बांधताना दोन प्रकारच्या अडचणी येतात. पहिली पायथनची: ३.१२ मधून 'डिस्टयुटिल्स' हे मॉड्यूल काढून टाकले आहे, त्यामुळे जुनी पॅकेजेस बसतानाच अडतात. त्यावर सेटअपटूल्स बसवण्याचा उपाय सापडतो, पण खरा उपाय त्या पॅकेजची नवी आवृत्ती घेणे हाच आहे. पोस्टग्रेसशी जोडणी करणारे 'सायकोपीजी२-बायनरी' किमान २.९.९ असावे. दुसरी अडचण बाहेरच्या जगाशी बोलताना येते. बस्टरमध्ये ओपनएसएसएल १.१.१ होते, बुकवर्ममध्ये ३.० आहे, आणि ते जुनाट पद्धतीची सुरक्षित जोडणी मुळातच नाकारते. बँक, वाहतूकदार किंवा एसएमएस पाठवणारी सेवा यांपैकी कोणाचा सर्व्हर फार जुना असेल, तर कार्यालयातील सर्व पडदे नीट चालतात आणि नेमकी तीच एक जोडणी तुटते. अशा प्रत्येक बाह्य जोडणीची यादी करून चाचणीच्या दिवशी ती एकेकदा प्रत्यक्ष वापरून पाहावी.

नवी इमेज बांधली की तिला तारखेचा टॅग द्यावा आणि जुनी इमेज पुसू नये. ॲप्लिकेशन जुन्या डेटाबेसवरच किमान आठवडाभर, शक्य असल्यास एक महिनाअखेर ओलांडून, चालू द्यावे.

बेस इमेज आणि नावांची क्रमवारी

आता डेटाबेसकडे येऊ. मजकूर कोणत्या क्रमाने लावायचा, हा नियम पोस्टग्रेस सामान्यतः स्वतः ठरवत नाही. तो बेस इमेजमधील सी लायब्ररीकडून घेतो. अल्पाइनमध्ये मसल ही लायब्ररी असते आणि ती केवळ युनिकोडच्या क्रमांकांनुसार क्रम लावते. डेबियनमध्ये ग्लिबसी असते, तिचे नियम भाषेनुसार ठरतात, आणि २.२८ या आवृत्तीत ते मोठ्या प्रमाणावर बदलले. डेबियन ९ मध्ये याहून जुनी ग्लिबसी होती आणि डेबियन १० मध्ये २.२८ आली, म्हणजे पोस्टग्रेस न बदलता नुसती डेबियनची आवृत्ती बदलली तरी क्रम बदलू शकतो.

आपल्या खातेवहीत हे कसे दिसते ते पाहू. माने, माळी आणि माहिमकर ही तीन आडनावे घ्या. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये बसवले आहे, त्यामुळे अल्पाइनवर माने, माळी, माहिमकर असा क्रम लागतो. मराठी वर्णमालेत ळ हे ह नंतर येते, म्हणून शब्दकोशाच्या रीतीने माने, माहिमकर, माळी असा क्रम हवा. क्षीरसागर हे नाव युनिकोडच्या हिशेबाने क च्या गटात, कोळीनंतर आणि खरातच्या आधी जाते, तर मराठी वाचक ते यादीच्या शेवटाकडे शोधतो. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड नावे असतात आणि ती कधी देवनागरीत, कधी इंग्रजी अक्षरांत नोंदलेली असतात. इंग्रजीत युनिकोडच्या क्रमाने सर्व मोठी अक्षरे आधी आणि मग सर्व लहान अक्षरे येतात, ग्लिबसी मात्र ती एकमेकांत मिसळते.

यादीचा क्रम बदलणे ही गैरसोय झाली. खरे नुकसान इंडेक्सचे, म्हणजे नोंद झटपट शोधण्यासाठी डेटाबेसने क्रमाने ठेवलेल्या सूचीचे, होते. एका क्रमाने छापलेल्या शब्दकोशात दुसऱ्या क्रमाने शब्द शोधला, तर तो शब्द असूनही सापडत नाही, तसेच इंडेक्सचे होते: अल्पाइनवर तयार झालेला डेटा तसाच उचलून डेबियनच्या इमेजला जोडला, तर ग्राहक नोंदलेला असूनही शोधात येत नाही, मग लिपिक त्याची नवी नोंद करतो, आणि नाव एकदाच असावे असा निर्बंध असूनही तो ती अडवू शकत नाही, कारण निर्बंधही त्याच इंडेक्सवर अवलंबून असतो. एकाच व्यापाऱ्याची दोन खाती होतात, येणे एका खात्यात आणि जमा दुसऱ्यात. कोणतीही चूक पडद्यावर येत नाही, म्हणून हा प्रकार महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. डेबियनच्या दोन आवृत्त्यांमधला फरक पोस्टग्रेस १५ पासून कोलेशनच्या (क्रमवारीच्या नियमांच्या) आवृत्तीत तफावत असल्याच्या इशाऱ्याने कळू शकतो. तो दिसल्यास आधी सर्व मजकूर-इंडेक्स 'रीइंडेक्स' करावेत आणि त्यानंतरच कोलेशनची आवृत्ती ताजी करण्याची कमांड द्यावी. आधी ताजी केली, तर इशारा जातो आणि बिघाड तसाच राहतो.

पोस्टग्रेस १७ ने यावर चांगला मार्ग दिला आहे. डेटाबेस तयार करतानाच लोकेलचा पुरवठादार 'बिल्टइन' आणि लोकेल 'सी.यूटीएफ-८' असे सांगितले, की क्रमवारी पोस्टग्रेसच्या आतच ठरते आणि पुढे बेस इमेज कितीही बदलली तरी इंडेक्स बिघडत नाही. मराठी क्रम हवा असेल तेथे, म्हणजे पडद्यावरील यादीत आणि छापील अहवालात, क्वेरीच्या 'ऑर्डर बाय' भागात आयसीयू या युनिकोड लायब्ररीचे 'एमआर-आयएन-एक्स-आयसीयू' हे कोलेशन जोडावे. त्यावर इंडेक्स करू नये, कारण आयसीयूचे नियमही आवृत्तीनुसार बदलतात. काही हजार ग्राहकांच्या यादीला इंडेक्सवाचून काहीही अडत नाही.

डेटाबेस नव्या व्हॉल्यूममध्ये नेणे

जुन्या व्हॉल्यूमवर नुसता नवा टॅग लावून पोस्टग्रेस सुरू करू नये. मुख्य आवृत्ती बदलली की ते डेटा निर्देशिका विसंगत असल्याचे सांगून बंद होते. अल्पाइन इमेजमध्ये पोस्टग्रेसच्या वापरकर्त्याचा क्रमांक ७० असतो आणि डेबियन इमेजमध्ये ९९९, त्यामुळे फाइलींच्या मालकीचाही गोंधळ होतो. 'पीजी-अपग्रेड' हे साधन मोठ्या डेटाबेससाठी उपयुक्त आहे, परंतु त्याला दोन्ही आवृत्त्यांचे प्रोग्रॅम एकाच कंटेनरमध्ये लागतात आणि ते जुने इंडेक्स तसेच पुढे नेते. अल्पाइनमधून डेबियनमध्ये जाताना नेमके तेच आपल्याला नको आहे. काही जीबीच्या डेटाबेससाठी डंप (सर्व माहितीची फाइलीतील प्रत) काढून परत भरणे हाच सरळ आणि सुरक्षित रस्ता आहे.

कंपोज फाइलमध्ये जुनी सेवा तशीच ठेवून 'पोस्टग्रेस:१७-बुकवर्म' ची दुसरी सेवा नव्या नावाच्या व्हॉल्यूमसह जोडावी. ते व्हॉल्यूम नेहमीच्या, 'डेटा' ने संपणाऱ्या निर्देशिकेला जोडावे. पोस्टग्रेस १८ च्या अधिकृत इमेजमध्ये ही जागा बदलली असून व्हॉल्यूम एक पातळी वर जोडावे लागते, हे पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवावे. कंटेनरला मिळणारी सामायिक स्मृती मूळात ६४ एमबीच असते आणि मोठे इंडेक्स समांतरपणे बांधताना ती अपुरी पडून 'जागा शिल्लक नाही' अशी दिशाभूल करणारी चूक येऊ शकते; म्हणून 'एसएचएम-साइझ' वाढवून २५६ एमबी किंवा अधिक करावी.

कामाच्या वेळी ॲप्लिकेशनचा कंटेनर थांबवावा, म्हणजे नवी नोंद होणार नाही. मग डंप नव्या आवृत्तीच्या 'पीजी-डंप' ने काढावा: १७ च्या कंटेनरमधून जुन्या सर्व्हरशी जोडणी करून, 'कस्टम' प्रकारात. वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार 'पीजी-डंपऑल' च्या 'ग्लोबल्स-ओन्ली' या पर्यायाने वेगळ्या फाइलीत घ्यावेत. कंटेनरबाहेर फाइल काढताना 'कंपोज एक्झेक' ला मोठ्या 'टी' चा पर्याय द्यावा, नाहीतर टर्मिनल मधे येऊन ओळींच्या शेवटी जादा चिन्हे घुसतात आणि डंप खराब होतो. दोन्ही फाइलींची एक प्रत सर्व्हरबाहेर, दुसऱ्या डिस्कवर ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नव्या सर्व्हरवर आधी ग्लोबल्सची फाइल चालवावी. 'पोस्टग्रेस' हा वापरकर्ता आधीच आहे, अशी चूक दिसेल. ती निरुपद्रवी आहे. त्यानंतर 'टेम्प्लेट०' वरून, वर सांगितलेल्या लोकेलसह आणि योग्य मालकासह रिकामा डेटाबेस हाताने तयार करावा. सगळाच डंप 'पीजी-डंपऑल' ने घेतला असता, तर त्यातील डेटाबेस निर्माण करण्याची ओळ जुने लोकेलच परत घेऊन आली असती. आता 'पीजी-रिस्टोर' चालवावे, त्याला चार समांतर कामांचा आणि पहिल्या चुकीला थांबण्याचा पर्याय द्यावा. एखादा एकमेवतेचा निर्बंध येथे अडला, तर जुन्या डेटात आधीपासूनच दुबार नोंद आहे असे समजावे. निर्बंध काढून पुढे जाऊ नये. काम थांबवावे, जुन्या व्यवस्थेवर परत यावे, ती दोन खाती हिशेबनिसाकडून एक करून घ्यावीत आणि मग पुन्हा सुरुवात करावी. शेवटी सर्व तक्त्यांवर 'ॲनालाइझ' चालवावे. ते राहिले तर सकाळी ॲप्लिकेशन विलक्षण संथ चालते आणि नव्या आवृत्तीला विनाकारण दोष दिला जातो.

पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नाही

पोस्टग्रेस १२ पासवर्ड मूळात एमडी५ पद्धतीने साठवत होते. १४ पासून ती पद्धत 'स्क्रॅम-एसएचए-२५६' झाली, आणि अधिकृत इमेजही १४ पासून बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठी स्क्रॅमच मागते. ग्लोबल्सच्या फाइलीतून मात्र जुने एमडी५ पासवर्डच आलेले असतात आणि ते 'पोस्टग्रेस' या मुख्य वापरकर्त्याचा नवा पासवर्डही झाकून टाकतात. त्यामुळे डेटाबेसच्या कंटेनरमध्ये शिरून पाहिले, तर सर्व सुरळीत दिसते, कारण आतल्या जोडणीला पासवर्ड विचारलाच जात नाही. ॲप्लिकेशनच्या कंटेनरमधून मात्र प्रवेश नाकारला जातो. उपाय सोपा आहे: कंटेनरच्या आतून प्रत्येक वापरकर्त्याचा पासवर्ड, तोच का असेना, पुन्हा एकदा द्यावा, म्हणजे तो नव्या पद्धतीने साठवला जातो. जोडणीच्या नियमांच्या फाइलीत 'ट्रस्ट' (पासवर्डशिवाय प्रवेश) लिहून वेळ मारून नेऊ नये.

पोस्टग्रेस १५ पासून नव्या डेटाबेसमधील 'पब्लिक' स्कीमात (तक्त्यांच्या सामायिक गटात) कोणालाही तक्ते करण्याची मुभा राहिलेली नाही. परत भरलेल्या डेटाबेसचे जुने अधिकार टिकतात, पण नंतर वेगळा डेटाबेस केला आणि त्याचा मालक ॲप्लिकेशनचा वापरकर्ता नसेल, तर मायग्रेशन (तक्त्यांची रचना बदलणारी जँगोची पायरी) अडते.

तालीम आणि प्रत्यक्ष बदल

वरील सर्व कृती आधी दुसऱ्या संगणकावर, कालच्या खऱ्या डंपवर करून पाहावी आणि प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ लिहावा. प्रमुख तक्त्यांतील ओळींची संख्या, गेल्या महिन्याच्या बिलांची बेरीज आणि सूत-साठ्याची शिल्लक दोन्ही डेटाबेसमधून काढून शेजारी शेजारी ठेवावी. हिशेबनिसाला बोलावून त्यांच्या हातून एक ऑर्डर, एक बिल आणि एक जमा पावती करून घ्यावी. ळ आणि क्ष असलेली नावे शोधायला सांगावीत.

प्रत्यक्ष दिवशी माघारीची वेळ आधीच ठरवावी, उदाहरणार्थ पहाटे ५. तोपर्यंत जुळवणी पूर्ण झाली नाही, तर वाद न घालता ॲप्लिकेशनचा पत्ता जुन्या डेटाबेसकडे वळवावा. जुन्या व्हॉल्यूमला हात लागलेला नसल्यामुळे कार्यालय नेहमीच्या वेळी उघडते. जुळवणी झाली, तर जुनी सेवा थांबवून कंपोज फाइलमधून काढावी, मात्र तिचे व्हॉल्यूम ठेवावे. ती सुरू राहिली आणि एखादा अहवाल तिच्याकडेच बोट दाखवत राहिला, तर दोन ठिकाणी दोन आकडे दिसू लागतात.

मायएसक्यूएल असल्यास

तत्त्व हेच, तपशील वेगळा. ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला आणि ८.० चा एप्रिल २०२६ पर्यंतचाच, म्हणून लक्ष्य ८.४ हे दीर्घकालीन आधाराचे असावे. ५.७ वरून थेट ८.४ वर उडी मारता येत नाही, मध्ये ८.० वर थांबावे लागते. ८.० हे ५.७ च्या डेटावर सुरू होताच डेटा निर्देशिका स्वतः बदलते आणि ती ५.७ ला परत वापरता येत नाही, त्यामुळे व्हॉल्यूमची प्रत आधीच घेणे अनिवार्य आहे. ८.४ मध्ये 'मायएसक्यूएल-नेटिव्ह-पासवर्ड' ही जुनी पद्धत मूळात बंद असते, तेव्हा वापरकर्ते आधीच नव्या पद्धतीवर आणावेत.

त्यानंतरचा महिना

कंपोज फाइलमध्ये टॅगबरोबर इमेजचे डायजेस्ट (तिची नेमकी ओळख पटवणारा संकेतांक) लिहावे, म्हणजे आज तपासलेली इमेजच पुढेही चालेल. याचा दुसरा भाग असा, की दुरुस्त्या आपोआप येणार नाहीत. पोस्टग्रेसच्या लहान दुरुस्त्या साधारण दर तीन महिन्यांनी येतात, त्या घेण्यासाठी तारीख ठरवून एका माणसावर जबाबदारी टाकावी. १७.४ वरून १७.५ सारख्या बदलाला डंप लागत नाही, तेच व्हॉल्यूम चालते. फक्त बुकवर्म हे नाव तसेच राहिले पाहिजे. कंटेनर थांबवताना डॉकर मूळात १० सेकंदच वाट पाहते, डेटाबेससाठी ती मुदत वाढवून एक-दोन मिनिटे करावी.

जुने व्हॉल्यूम एक महिनाअखेर आणि जीएसटीचे एक विवरणपत्र नव्या डेटाबेसवरून बिनचूक गेल्यानंतरच काढावे. त्याआधी रात्रीच्या बॅकअपची कमांडही १७ च्या 'पीजी-डंप' ने चालते आहे ना, ते पाहावे, कारण जुन्या आवृत्तीचा 'पीजी-डंप' नव्या सर्व्हरचा डंप काढण्यास नकार देतो आणि स्क्रिप्टने त्या चुकीकडे दुर्लक्ष केले, तर रोज शून्य आकाराची फाइल तयार होत राहते. आदल्या रात्रीचा बॅकअप रिकाम्या कंटेनरमध्ये एकदा प्रत्यक्ष भरून पाहावा, आकडे जुळवावेत आणि मग 'डॉकर व्हॉल्यूम आरएम' ला जुन्या व्हॉल्यूमचे नाव पूर्ण टंकून द्यावे. 'प्रून' (वापरात नसलेल्या गोष्टी एकदम पुसणारी कमांड) वापरू नये.